घरच्या घरी तैलरंग: टर्पेंटाइनशिवाय कसं निभावता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

महामारीमुळे सामायिक स्टुडिओ बंद झाला आणि ईझलसकट (चित्र ठेवायच्या घोडीसकट) माझं सगळं बिऱ्हाड झोपायच्या खोलीत आलं. तैलरंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची बाटली उघडली की थोड्याच वेळात डोकं धरतं, आणि रात्री त्याच खोलीत घरची माणसं झोपतात. बिनवासाचं म्हणून मिळतं त्याचीही वाफ होतेच, फक्त नाकाला कळत नाही. म्हणून ते नको.

एक मोठा कॅनव्हास अर्धा झालाय, खालचा थर पक्का वाळलाय. ॲक्रिलिक त्यावर चालणार नाही, तेलावर ते धरत नाही, पुढेमागे पापुद्रे सुटतात. मग पाण्यात मिसळणारे तैलरंग वापरले तर?

दुसरं दुखणं वेळेचं. ‘घरीच तर आहेस’ म्हणून दर थोड्या वेळाने कुणीतरी हाक मारतं आणि तोवर पॅलेटवरची छटा हातातून जाते. इटालियन चित्रकार मोरांदीने आयुष्यभर झोपायच्या खोलीत बाटल्या रंगवल्या, मान्य. पण ती खोली त्याची एकट्याची होती!

प्रतिसाद:
वाळलेल्या तेलावर ते रंग खुशाल वापरा, तेही तेलच आहे. फक्त वरच्या थरांत पाणी नको, त्यांचंच तेलाचं माध्यम (रंगात मिसळायचं तेल) थेंबभर घ्या. खालच्यापेक्षा वरचा थर जास्त तेलकट, हा नियम इथेही सुटत नाही. ब्रशसाठी टर्पेंटाइन लागतच नाही: आधी चिंधीने पुसा, करडईच्या तेलात घोळवा, मग साबण. मात्र बहुतेक तैलरंगांत असतं त्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

हाका काही थांबणार नाहीत, तेव्हा गुआश (पाण्यात कालवायचा अपारदर्शक रंग) हाताशी ठेवा. वाळला तरी पाण्याने पुन्हा सुटतो. १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर फ्रेंच चित्रकार मातिसचं हिंडणं-फिरणं कमी झालं, तेव्हा गुआशने रंगवलेल्या कागदांना कात्री लावूनच त्याने पुढची मोठी कामं केली.

धागाकर्ती:
करडईचं लगेच करून बघते. आता एवढंच सांगा, ओला कॅनव्हास रात्री ठेवता कुठे? भिंतीकडे तोंड करून ठेवला तर धूळ बसत नाही, पण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.