क्लायंट कॉलवरचे फ्रेझल व्हर्ब: अर्थ पाठ आहेत, तरी गोंधळ होतो

ऐरोलीकर:
आयटी सपोर्टमध्ये आहे, अर्धे क्लायंट अमेरिकेतले, अर्धे लंडनचे. 'पुश बॅक', 'टेबल', 'साइन ऑफ' रोज कानावर पडतं. अशा फ्रेझल व्हर्बची, म्हणजे 'पुश बॅक'सारख्या क्रियापद अधिक छोटा शब्द अशा जोड्यांची, यादी पाठ केली, पण बोलताना शब्द कुठे बसवायचा तेच कळत नाही. काय करावं?

पाचपाखाडी_मास्तर:
यादी ठेवा बाजूला, पुढचामागचा शब्द बघा. 'पुश द रिलीज बॅक टू फ्रायडे' म्हणजे रिलीज शुक्रवारवर ढकलला. 'पुश बॅक ऑन द एस्टिमेट' म्हणजे एस्टिमेटला हरकत घेतली. तारीख आली तर ढकलणं, 'ऑन' आला तर विरोध. 'साइन ऑफ'चंही तसंच: नुसतं असेल तर बहुधा ईमेल किंवा बोलणं संपवणं, पुढे 'ऑन' असेल तर मंजुरी देणं.

रविवारचा ट्रान्सहार्बर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) पुढच्या रविवारवर गेला तर 'पुट ऑफ', रद्दच झाला तर 'कॉल ऑफ'. यात मात्र चूक नको, पुढे ढकललेल्या मीटिंगला 'कॉल ऑफ' म्हणालात तर कोणी येणारच नाही.

खरा घोळ 'टेबल'चा. लंडनवाला 'लेट्स टेबल इट' म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचाय, अमेरिकन म्हणाला तर तूर्त बाजूला ठेवायचाय. तुमच्याकडे दोन्ही आहेत, तेव्हा सरळ विचारा: 'नाऊ ऑर लेटर?' बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली, तर कोणी सोमवार समजतं, कोणी शुक्रवार. ईमेलमध्ये वार आणि तारीख लिहाच.

वाशी_व्याकरण:
जागेसाठी एक युक्ती. वहीत फ्रेझल व्हर्ब 'इट' घालूनच लिहा: 'कॉल इट ऑफ', 'टर्न इट डाऊन', पण 'लुक इन्टू इट', 'लुक आफ्टर इट', 'पुट अप विथ इट'. पहिले दोन तुटतात, बाकीचे तुटत नाहीत. 'टर्न डाऊन द ऑफर' आणि 'टर्न द ऑफर डाऊन' दोन्ही चालतं, 'टर्न डाऊन इट' मात्र चालत नाही. तुटणाऱ्यांत 'इट', 'देम', 'हिम' आले की मधेच बसतात.

उच्चारही बघा. 'बॅक अप द सर्व्हर' या क्रियापदात जोर 'अप'वर, 'टेक अ बॅकअप' या नामात जोर 'बॅक'वर. लिहितानाही क्रियापद दोन शब्दांत, नाम एका शब्दात. 'सेट अप', 'लॉग इन' यांनाही हाच नियम.

घणसोली२:
'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'हिअरिंग', 'हिअर' नाही. तो 'टू' शब्दयोगी आहे. बायोडेटात 'पास्ड आऊट इन 2019' लिहू नका, परदेशात बेशुद्ध पडलात असं वाचतील. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'प्रीपोन' आपल्याकडचा शब्द, तिकडे 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा. 'बॉलपार्क फिगर' (ढोबळ आकडा), 'टच बेस' (थोडक्यात संपर्क साधणं) हे बेसबॉलमधून आलेले. ऐकून कळले म्हणजे झालं. तुम्ही 'रफ एस्टिमेट' म्हणालात तरी कुणाचं काही अडत नाही.

ऐरोलीकर:
आणि फॉर्म 'फिल इन' की 'फिल आऊट'?

वाशी_व्याकरण:
पूर्ण फॉर्मला दोन्ही चालतं, अमेरिकेत 'आऊट' जास्त. एकच रिकामी जागा भरायची असेल तर 'फिल इन'. 'फिल मी इन' म्हणजे काय घडलं ते मला सांगा, तिथे 'आऊट' चालणार नाही.