कोरियन क्रियापदांची रूपे पाठ करावीत की नियमाने तयार करावीत?

विश्रामबागकर

सर्वांना नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते आणि एका कर सल्लागारांच्या कार्यालयात हिशेबाचे काम करते. गेले चार महिने रोज रात्री जेवणे उरकल्यावर तासभर कोरियन शिकत आहे. हंगुल लिपी पंधरा दिवसांत वाचता येऊ लागली, कारण अक्षरे जोडून शब्द वाचण्याची सवय आपल्याला बाराखडीमुळे असतेच. वाक्यातला क्रमही आपल्यासारखाच, म्हणजे कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा असल्याने तेथेही अडचण आली नाही. मी अडले आहे ती क्रियापदांपाशी.

मी ज्या ऑनलाइन वर्गाला जाते, तेथे पहिल्याच महिन्यात रूपांचे मोठे तक्ते दिले आणि ते पाठ करून या, असे सांगितले. मी हिशेबाच्या वहीसारखी तांबड्या रेघांची एक वही केली आहे. डावीकडे मूळ क्रियापद आणि त्यापुढे वर्तमान, भूत, भविष्य, औपचारिक, आदरार्थी व नकारार्थी असे सहा रकाने. आतापर्यंत बासष्ट क्रियापदे लिहून झाली, परंतु बोलताना एकही रूप वेळेवर तोंडात येत नाही. ‘कादा’ म्हणजे जाणे, त्याचे ‘कायो’ होते. ‘मॉक्ता’ म्हणजे खाणे, त्याचे ‘मॉगॉयो’ होते. ‘हादा’ म्हणजे करणे, त्याचे मात्र ‘हेयो’. ‘तात्ता’ म्हणजे बंद करणे, त्याचे ‘तादायो’ होते, म्हणून मी ‘तुत्ता’चे, म्हणजे ऐकणेचे, ‘तुदॉयो’ केले, तर ते चुकले. बरोबर रूप ‘तुरॉयो’ निघाले.

यामागे काही सूत्र आहे का, आणि असल्यास कोणते रूप आधी पक्के करावे? मला पुढच्या वर्षी टोपिक, म्हणजे कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेचा पहिला टप्पा द्यायचा आहे. येथे कोरियन शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहिले आहेत. ‘ऑ’ हा ‘ऑफिस’मधल्यासारखा वाचावा.

मिरजेचा वाचक

नमस्कार ताई. मी शाळेत मराठी शिकवतो आणि तीन वर्षांपूर्वी कोरियनला सुरुवात केली, तेव्हा याच ठिकाणी अडलो होतो. माझे स्पष्ट मत आहे की ती सहा रकान्यांची वही काही दिवस मिटून ठेवावी. तक्त्यात सगळी रूपे सारख्याच महत्त्वाची दिसतात, आणि प्रत्यक्षात तसे नाही. त्यांतले एकच रूप पक्के करायचे असते आणि बाकीची बरीचशी त्याच्यातून निघतात.

शब्दकोशातले प्रत्येक क्रियापद ‘दा’ने संपते. आपल्याकडे ‘करणे’मधला ‘णे’ काढला की ‘कर’ हा धातू उरतो, तसा तेथे ‘दा’ काढला की धातू उरतो. आता धातूतला शेवटचा स्वर पाहावा. तो ‘आ’ किंवा ‘ओ’ असेल तर पुढे ‘आ’ लागतो, अन्य कोणताही असेल तर ‘ऑ’ लागतो. ‘तात्ता’मध्ये ‘आ’ आहे म्हणून ‘तादा’, आणि ‘मॉक्ता’मध्ये ‘ऑ’ आहे म्हणून ‘मॉगॉ’. ‘हादा’ हे एकटेच वेगळे वागते आणि त्याचे ‘हे’ होते. हे जे रूप मिळाले, त्याला मी सोयीसाठी ‘जोडरूप’ म्हणतो. त्याला ‘यो’ लावला की रोजच्या बोलण्यातला नम्र वर्तमानकाळ झाला, आणि ‘स्सॉयो’ लावला की भूतकाळ झाला: ‘मॉगॉयो’, ‘मॉगॉस्सॉयो’, ‘हेयो’, ‘हेस्सॉयो’. अशा रीतीने आपले दोन रकाने एका रूपात मावतात.

दोन स्वर शेजारी आले की काय होते, हे तर आपण शाळेत शिकलेलो आहोत. सु आणि आगत मिळून स्वागत होते, प्रति आणि एक मिळून प्रत्येक होते. कोरियनमध्ये ‘ओदा’ म्हणजे येणे. त्यात ‘ओ’ आणि ‘आ’ एकत्र येऊन ‘वा’ होतो, म्हणून ‘वायो’. ‘पेउदा’ म्हणजे शिकणे. ‘उ’ आणि ‘ऑ’ मिळून ‘वॉ’, म्हणून ‘पेवॉयो’. ‘माशिदा’ म्हणजे पिणे. ‘इ’ आणि ‘ऑ’ मिळून ‘यॉ’, म्हणून ‘माश्यॉयो’. इंग्रजी पुस्तकांत यासाठी चार-पाच वेगळे नियम दिलेले असतात आणि विद्यार्थी ते घोकत बसतात. मराठी शाळेत यण् संधी शिकलेल्या माणसाला त्यांची गरज नाही. ‘कादा’मध्ये तर ‘आ’पुढे ‘आ’ येऊन एकच उरतो, म्हणून नुसते ‘कायो’.

मी त्याला जोडरूप का म्हणतो, ते आता सांगतो, कारण मराठी माणसाला खरा आनंद होतो तो येथे. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो, तेव्हा ‘बघणे’चा डोळ्यांशी संबंध नसतो, तो प्रयत्नाचा अर्थ असतो. कोरियनमध्ये ‘पोदा’ म्हणजे बघणे, आणि ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे खाऊन बघणे, अगदी त्याच अर्थाने. ‘चुदा’ म्हणजे देणे, आणि ‘हे जुदा’ म्हणजे दुसऱ्यासाठी करून देणे. ‘तुदा’ म्हणजे ठेवणे, आणि ‘हे दुदा’ म्हणजे करून ठेवणे. ‘पॉरिदा’ म्हणजे टाकणे, फेकणे, आणि ‘मॉगॉ बॉरिदा’ म्हणजे खाऊन टाकणे. (स्वरांच्या मध्ये आल्यावर ‘प’चा ‘ब’ आणि ‘त’चा ‘द’ ऐकू येतो, म्हणून लेखनात हा फरक केला आहे.) ही रचना इंग्रजीतून समजावताना परिच्छेदच्या परिच्छेद लिहावे लागतात, आणि आपल्याकडे ती दिवसभर प्रत्येकाच्या तोंडात असते. ‘अभ्यास करणे’, ‘फोन करणे’ यांसारखी नामाला ‘करणे’ जोडून होणारी क्रियापदेही तशीच आहेत: ‘कोङ्बुहादा’ आणि ‘चॉन्ह्वाहादा’.

शिवाय आपल्या डोक्यावरचे एक मोठे ओझे तेथे नाहीच. मराठीत आंबा खाल्ला, चपाती खाल्ली, केळे खाल्ले. तो आला, ती आली, ते आले. तेथे खाणारा कोणीही असो आणि खाल्लेला पदार्थ कोणताही असो, ‘मॉगॉस्सॉयो’ एवढेच. लिंग, वचन, पुरुष यांपैकी कशानेही क्रियापद बदलत नाही.

कराडहून

मिरजेच्या सरांचे म्हणणे मला बहुतांशी पटते, पण दोन ठिकाणी सावध करावेसे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे आपले ‘ऊन’ एकच असले तरी कोरियनमध्ये त्याच्या वाटा वेगळ्या होतात. ‘खाऊन बघते’ येथे सरांचे जोडरूप चालते. ‘जेवून जाते’ म्हणायचे असेल आणि दोन कामे फक्त एकामागून एक होत असतील, तर धातूला ‘को’ लागतो: ‘मॉक्को कायो’. आणि ‘मंडईत जाऊन भाजी घेतली’ अशा वाक्यात, जेथे पहिले काम झाल्याशिवाय दुसरे शक्य नाही, तेथे जोडरूपाला ‘सॉ’ लागतो: ‘कासॉ’. मी पहिले वर्षभर सगळीकडे एकच रूप वापरत होते आणि ऐकणाऱ्याला माझे वाक्य अर्धवट वाटत असे.

दुसरी गोष्ट ‘आहे’ या शब्दाची. आपण ‘हवा थंड आहे’, ‘भाजी तिखट आहे’ असे म्हणतो, म्हणून विशेषणानंतर ‘आहे’ शोधू लागतो. कोरियनमध्ये थंड असणे, तिखट असणे हीच क्रियापदे आहेत. ‘छुप्ता’चे ‘छुवॉयो’ केले की ‘थंडी आहे’ असे पूर्ण वाक्य झाले. त्यापुढे काही जोडायचे नाही. भूतकाळही क्रियापदासारखाच होतो, ‘छुवॉस्सॉयो’. जेथे ‘आहे’ खरोखर लागते तेथे ते दोन प्रकारचे असते. ‘मी शिक्षक आहे’मधले ‘आहे’ म्हणजे ‘इएयो’, आणि ‘घरात पुस्तक आहे’मधले ‘आहे’ म्हणजे ‘इस्सॉयो’. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द असल्याने ही चूक आपल्याकडून हमखास होते.

आता ताईंच्या ‘तुत्ता’विषयी. ही अनियमित क्रियापदे आहेत, पण ती अस्ताव्यस्त नाहीत. धातूच्या शेवटी ‘त’ असलेल्या काही क्रियापदांत पुढे स्वर आला की ‘त’चा ‘र’ होतो. पुढे व्यंजन आले तर काहीच बदलत नाही. म्हणून ‘तुरॉयो’, पण ‘तुत्को’. रोजच्या वापरातली अशी क्रियापदे मोजकी आहेत: तुत्ता म्हणजे ऐकणे, कॉत्ता म्हणजे चालणे, मुत्ता म्हणजे विचारणे, शित्ता म्हणजे माल चढवणे. ‘तात्ता’ आणि ‘पात्ता’, म्हणजे घेणे किंवा मिळणे, ही नियमित आहेत. नुसते पाहून कोणते कोणत्या गटात आहे ते कळत नाही, आणि याचा उत्तम पुरावा ‘मुत्ता’ हाच आहे. त्याचा एक अर्थ विचारणे, त्याचे ‘मुरॉयो’ होते. दुसरा अर्थ पुरणे, त्याचे ‘मुदॉयो’ होते. कोशात दोन्ही अक्षरशः सारखे दिसतात.

याच कारणाने माझा आग्रह असा आहे की नवे क्रियापद कधीही ‘दा’च्या रूपात एकटे पाठ करू नये. वहीत ‘तुत्ता, तुरॉयो’ अशी जोडीच लिहावी आणि मोठ्याने जोडीच म्हणावी. मी कपाटाच्या दारावर अशा वीस जोड्या लावून ठेवत असे आणि पोळ्या लाटताना त्या म्हणत असे. दर रविवारी जुन्या काढून नव्या लावायच्या. रूप कानात बसले की ते अनियमित आहे, हे लक्षातही राहत नाही. आपण लहानपणी ‘जाणे’चे ‘गेला’ होते हे कोणत्या नियमाने शिकलो?

विश्रामबागकर

दोघांचेही मनापासून आभार. संधीचे उदाहरण वाचल्यावर मी लगेच वही उघडून पाहिली आणि बासष्टपैकी चाळीसहून अधिक क्रियापदे त्या एका नियमात बसली. उरलेल्यांत ‘प’ने संपणारे धातू बरेच आहेत. ‘मेप्ता’, तिखट असणे, त्याचे ‘मेवॉयो’ होते, पण ‘इप्ता’, कपडे घालणे, त्याचे ‘इबॉयो’ होते. येथेही जोडीच पाठ करायची का?

आणि आदरार्थी रूपांविषयी एक शंका आहे. ‘यो’ लावला की आदर झाला, असे वर्गात सांगितले होते. मग ‘शि’ कशासाठी लागतो?

कराडहून

होय, जोडीच पाठ करावी, परंतु ‘प’च्या बाबतीत एक आधार आहे. गुणवाचक क्रियापदे, म्हणजे थंड, गरम, तिखट, सोपे, अवघड असणे, ही बहुतेक ‘वॉ’ घेतात. इप्ता किंवा ‘चाप्ता’, म्हणजे पकडणे, यांसारखी कृतीची क्रियापदे बहुधा नियमित असतात. ‘तोप्ता’, म्हणजे मदत करणे, हे त्यात न बसणारे आहे आणि त्याचे ‘तोवायो’ होते. ‘मोरुदा’, म्हणजे माहीत नसणे, यातल्या ‘रु’चा मात्र वेगळा गट आहे, त्याचे ‘मोल्लायो’ होते. तो गट पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. फक्त ‘मोल्लायो’ हा शब्द आजच शिकून घ्यावा, कारण सुरुवातीला तोच सर्वांत जास्त लागतो.

मिरजेचा वाचक

आदराविषयी लिहितो. ज्याच्याशी बोलतो त्याचा आदर आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याचा आदर, या कोरियनमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ‘शि’ हा वाक्यातल्या कर्त्यासाठी असतो आणि ‘यो’ हा समोरच्या श्रोत्यासाठी असतो.

आपल्या सांगली-मिरजेकडच्या बोलण्यात याची छान खूण सापडते. ‘मी उद्या येतो बघ’ हे मित्राला म्हणतो आणि ‘मी उद्या येतो बघा’ हे वडीलधाऱ्यांना. येणारा मीच, ‘येतो’ तेच. ‘बघ’चे ‘बघा’ झाले ते केवळ ऐकणाऱ्यासाठी. त्या ‘बघा’चे काम कोरियनमध्ये ‘यो’ करतो: मित्राला नुसते ‘वा’, मोठ्यांना ‘वायो’. याउलट ‘आजोबा आला’ न म्हणता ‘आजोबा आले’ म्हणतो, तेव्हा ऐकणारा लहान भाऊ असला तरी आदर आजोबांचा असतो. ते काम ‘शि’चे. म्हणून भावाशी बोलताना ‘हाराबॉजिगा ओश्यॉस्सॉ’, म्हणजे ‘आजोबा आले’, यात ‘शि’ आहे आणि ‘यो’ नाही. तेच काकांना सांगताना शेवटी ‘यो’ येईल. स्वतःच्या क्रियेला मात्र ‘शि’ कधीही लावू नये. ती ढोबळ चूक ठरते.

काही क्रियापदे आदरार्थी होताना मुळापासून बदलतात. मोठ्यांच्या खाण्याला ‘तुशिदा’ आणि झोपण्याला ‘चुमुशिदा’ म्हणतात. अशी क्रियापदे थोडी आहेत, ती शब्द म्हणूनच शिकावीत.

बातम्यांत आणि कार्यालयीन बोलण्यात ऐकू येणारे ‘काम्निदा’, ‘मॉक्स्सुम्निदा’ हे औपचारिक रूप जोडरूपातून निघत नाही, थेट धातूला लागते, आणि म्हणून ते अनियमित क्रियापदांतही बहुतेक वेळा सरळ राहते. टोपिकच्या पहिल्या टप्प्यात लेखन नसते. श्रवणाचे 30 आणि वाचनाचे 40 प्रश्न असतात, एकूण गुण 200, त्यांत 80 मिळाले तर पहिली पातळी आणि 140 मिळाले तर दुसरी. म्हणजे रूपे ओळखता येणे हे परीक्षेपुरते आधी लागेल आणि बोलता येणे आपल्या समाधानासाठी.

एक विनंती आहे. या चर्चेत आपण देवनागरी वापरली ती सोयीसाठी. वहीत मात्र हंगुलच लिहावे. ‘मॉक्ता’, ‘मॉगॉयो’, ‘मॉङ्नुन’ असे तीन ठिकाणी तीन वेगळे आवाज ऐकू येतात, पण हंगुलमध्ये तिन्ही ठिकाणी धातू एकाच अक्षरसमूहात, जसाच्या तसा लिहिलेला असतो. धातू आणि प्रत्यय यांच्यामधली रेघ डोळ्यांना दिसते ती तेथेच.

विश्रामबागकर

आज रात्री नवी वही सुरू केली. दोनच रकाने आखले आहेत आणि पहिल्या ओळीत ‘तुत्ता, तुरॉयो’ लिहिले आहे, हंगुलमध्ये. आईला भडंगाची वाटी देताना ‘मॉगॉ बोसेयो’ म्हटले आणि त्याचा अर्थ ‘खाऊन बघा’ असा सांगितला, तर ती म्हणाली, “मग हे आपल्यासारखंच आहे की.” आई मोठी असल्याने ‘मॉगॉ’ऐवजी ‘तुशिदा’चे रूप घेऊन ‘तुश्यॉ बोसेयो’ म्हणायला हवे होते, हे तुमचे उत्तर पुन्हा वाचल्यावर लक्षात आले. ते बरोबर आहे का, एवढे कृपया सांगावे.

मिरजेचा वाचक

अगदी बरोबर आहे. ‘तुशि’ला ‘ऑ’ लागून ‘तुश्यॉ’ झाले, तोच संधी.