पेट्रोल-डिझेलची पाइपलाइन गावच्या विहिरीजवळून चाललीय, हरकत कशी घ्यायची?

काळी_माती

रामराम मंडळी. आमचं गाव अंबड तालुक्यातलं, नाव मुद्दाम टाकत नाही. पंधरा दिवसांखाली दोन गाड्या आल्या, पोरं उतरली, मशीन लावून मोजणी केली अन् कापसाच्या ओळीत लाल चिंधी बांधलेल्या खुट्या ठोकून गेली. विचारलं तर म्हणे पेट्रोल-डिझेलची लाइन जाणारे, जमीन तुमचीच राहणार, वरून पीक घ्या, काही घाबरू नका. पण ह्या खुट्या ज्या जागी ओढा ओलांडतात तिथून गावची विहीर साठ पावलांवर आहे, मी स्वतः मोजलीत.

ही विहीर 72 च्या दुष्काळातली. माझ्या आज्जीनं तिथं टोपल्यानं मुरूम वाहिलाय. सात परस खोल. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली त्या उन्हाळ्यात आमच्याकडचे बोअर सगळे कोरडे, टँकर आला तर आला, पण ह्या विहिरीत ओढ्याच्या अंगानं जो झरा आहे तो काही तुटला नाही, रात्रभरात गुडघाभर पाणी जमायचं अन् पहाटे चारलाच बाया घागरी घेऊन नंबरला. तो झरा ज्या बाजूनं येतो त्याच बाजूला आता पाइप येणार.

ज्यांच्या रानातून लाइन जाते ते चार जण, त्यांना भरपाई तरी मिळेल. बाकीची दीडशे घरं हेच पाणी पितात, त्यांना कोण विचारणार? वस्तीवरच्या लोकांना तर गुंठाभर रान नाही. आम्ही हरकत घेऊ शकतो का, कुठं अन् किती दिवसात? कुणी हे केलं असेल तर सांगा.

विहीरवाला_परभणी

दादा, माझ्या रानातून आठ वर्षांखाली अशीच लाइन गेली म्हणून सांगतो. ह्याला 1962 चा वेगळा कायदा आहे, पेट्रोलियम अन् खनिज पाइपलाइनचा. जमीन घेत नाहीत, वापराचा हक्क घेतात. राजपत्रात कलम 3 ची अधिसूचना निघते, तिथून 21 दिवसांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे ह्या कामाला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, लेखी हरकत द्यायची, मग तो तुम्हाला ऐकून घेतो, वकील लावला तरी चालतो. हे 21 दिवस लई लवकर जातात. आमच्या गावात नोटीस चावडीवर लागली अन् लोकांना कळेपर्यंत अर्धे दिवस गेले. तेव्हा आतापासून रोज कुणीतरी चावडी अन् तहसील बघत चला.

भरपाई म्हणजे जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के अन् पिकाझाडांचं नुकसान वेगळं. पण एक गोष्ट कुणी नीट समजावून सांगत नाही, त्या पट्ट्यात पुढं घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही अन् विहीर खोदता येत नाही. मला हे पाणाड्यानं नारळ हातात धरून बरोबर त्या पट्ट्यातच पाणी दाखवलं तेव्हा समजलं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं. कायद्यात हरकत घेणारा म्हणजे त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे तो. जमीन मोजली जाते, पाणी मोजलं जात नाही. तुमची विहीर पट्ट्याच्या बाहेर, म्हणजे पिणाऱ्याला त्या कागदावर जागाच नाही. म्हणून ते चार शेतकरी फुटले तर गाव गेलं समजा. त्यांना आजच बसवा, हरकत त्यांच्या सहीनं जाऊद्या पण कारण पहिल्या ओळीत विहिरीचं लिहा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. ओढ्याकाठची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर निघते का ते सातबाऱ्यावर बघा, निघाली तर ग्रामपंचायत स्वतः हरकत घेऊ शकते.

गोदाकाठची_लेक

भाऊ, तुमचं वाचून मला एकदम अमेरिकेतलं स्टँडिंग रॉक आठवलं. मी ह्या विषयावर कॉलेजात प्रोजेक्ट केला होता म्हणून लांबलचक लिहितेय, वाचा जरूर.

नॉर्थ डकोटातून इलिनॉयपर्यंत साधारण 1,886 किलोमीटरची कच्च्या तेलाची लाइन, डकोटा ॲक्सेस. ती मिसूरी नदीवरच्या ओआहे जलाशयाखालून न्यायची ठरली, स्टँडिंग रॉकच्या आदिवासी सू लोकांच्या हद्दीपासून अर्ध्या मैलावर अन् त्यांचं पिण्याचं पाणी तिथूनच. आपल्या जायकवाडीच्या नाथसागराखालून कुणी तेल न्यायचं म्हटलं तर कसं वाटेल तसं. अन् ते ओआहेचं धरण बांधताना ह्याच लोकांची नदीकाठची चांगली जमीन बुडालेली. मला सगळ्यात लागलं ते हे की आधी एक रस्ता बिस्मार्क ह्या नॉर्थ डकोटाच्या राजधानीच्या वरच्या अंगानं सुचवलेला होता, तो बाजूला ठेवला, त्यामागचं एक कारण शहराच्या पिण्याच्या विहिरी जवळ होत्या. म्हणजे शहराचं पाणी कागदावर आलं, वस्तीचं नाही आलं.

2016 च्या एप्रिलमध्ये थोड्याशा लोकांनी नदीकाठी तंबू ठोकले. पोरं सह्यांचे कागद घेऊन वॉशिंग्टनपर्यंत पळत गेली, खरंच पळत. मग हजारो लोक येऊन राहिले. त्यांची घोषणा होती मनी विचोनी, म्हणजे पाणी हेच जीवन. नोव्हेंबरच्या गोठवणाऱ्या रात्री त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, तरी हटले नाहीत. 4 डिसेंबर 2016 ला परवानगी थांबली, पण सरकार बदललं अन् जून 2017 पासून तेल वाहायला लागलं, ते आजही चालू आहे. कोर्टानं नंतर पर्यावरणाचा पूर्ण अभ्यास करायला लावला, तोही लाइन टाकून झाल्यावर. म्हणून म्हणते खुट्या आहेत तोवरच हला, पाइप पुरल्यावर फार अवघड जातं.

जिंकलेलं पण सांगते नाहीतर तुम्ही खचाल. अमेरिकेतल्याच मेम्फिस शहरात बायहेलिया नावाची लाइन काळ्या लोकांच्या वस्त्यांमधून अन् शहराच्या पाण्याच्या विहिरींच्या भागातून जाणार होती. कंपनीचा माणूस बैठकीत बोलून गेला की सगळ्यात कमी विरोध जिथं होईल तो रस्ता आम्ही धरलाय. तेच वाक्य लोकांनी उचललं, घरोघर नेलं, नगर परिषदेला पाण्यासाठी नियमाचा प्रस्ताव घ्यायला भाग पाडलं अन् जुलै 2021 ला कंपनीनं प्रकल्प सोडला. तेव्हा सर्व्हेवाले, अधिकारी जे जे बोलतील ते तारखेसकट लिहून ठेवा.

मोंढा_रोड

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. माझा चुलतभाऊ टँकरवर ड्रायव्हर होता, पेट्रोलचा टँकर उलटल्यावर काय होतं ते आमच्या घरानं बघितलंय. रस्त्यावरून हजारो टँकर पळण्यापेक्षा पाइप बरा असं मला मनापासून वाटतं. तेव्हा लाइनच नको म्हणाल तर पहिल्याच दिवशी विकासाचे विरोधक म्हणून मोकळे होतील. विहिरीपासून लांब न्या म्हणा. नकाशावर दुसरी रेघ तुम्हीच मारून द्या, वरच्या अंगाला गायरान असेल बघा. अन् नाहीच हलली तर ओढ्याच्या दोन्ही काठांना बंद करायचे व्हॉल्व्ह, जास्त जाडीचा पाइप, जास्त खोली हे लेखी मागा.

काळा_कातळ

भूजलात काम करतो, तेवढंच बोलतो. विहिरीपासून लांब म्हणजे किती, हे मीटरवर नका ठरवू. आपल्याकडं वर माती, खाली मुरूम अन् त्याखाली फुटलेला कातळ. पाणी भेगांनी चालतं. भेग जुळली तर लांबच्या विहिरीत उतरेल, नाही जुळली तर जवळच्या विहिरीत उतरणार नाही. म्हणून झरा कुठून येतो ते महत्त्वाचं अन् तुम्ही ते बरोबर ओळखलंय. लाइन झऱ्याच्या खालच्या अंगाला गेली पाहिजे, वरच्या नाही. मोंढा_रोड, गायरान वरच्या अंगाला असेल तर ते विहिरीच्या दृष्टीनं आणखी वाईट होऊ शकतं, आधी उतार बघा.

पेट्रोल पाण्यावर तरंगतं म्हणून लोकांना वाटतं वरचं काढून टाकलं की झालं. त्यातलं बेंझिन नावाचं विषारी रसायन पाण्यात विरघळतं. पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे एक थेंब किती पाणी नासवेल विचार करा. 2021 ला सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यातल्या सासवडला चोरांनी लाइन फोडली, पेट्रोल मुरलं अन् विहिरीत उतरलं. पाइप कितीही चांगला असूद्या, चोर डिझाइनमध्ये नसतो.

अन् गळती झालेली कंपनीला आधी कळेल ह्या भरवशावर राहू नका. 2010 ला अमेरिकेत मिशिगनमध्ये कालामाझू नदीजवळ लाइन फुटली, कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते तरी त्यांनी पंप पुन्हा चालू केले, 17 तास गेले, शेवटी दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसानं फोन केला. तोवर 30 लाख लिटरच्या वर तेल बाहेर.

आजच्या आज एक काम करा. विहिरीचं पाणी आताच तपासून रिपोर्ट ठेवा, बेंझिन अन् तेलाच्या अंशासकट. साध्या तपासणीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड एवढंच येतं, हे वेगळं मागावं लागतं. उद्या वास आला तर आधी चांगलं होतं हे दाखवायला तुमच्याकडं दुसरं काही नसणार.

काळी_माती

सगळ्यांचे आभार, रात्री आज्जीला मोठ्यानं वाचून दाखवलं. काल ग्रामसभा झाली. चौघांपैकी तिघं लगेच तयार झाले, चौथा गप्प होता, त्याला भरपाईची गरज आहे, लेकीचं लग्न काढलंय. मग वस्तीवरच्या एका मावशी उठल्या, म्हणाल्या, दाजी, तुमच्या रानातून लाइन जाईल, पण पाणी आमच्या घागरीत येणारे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यानं पेन मागितला.

ठराव झाला. लाइन झऱ्याच्या खालच्या अंगाला न्या म्हणून मागणी, नकाशा मास्तर काढून देणार आहेत. पाण्याचे नमुने उद्या जालन्याला नेतोय, दोन बाटल्या काचेच्या घेतल्यात. अधिसूचना अजून निघालेली नाही, चावडीवर बघायला दिवस वाटून दिलेत, सोमवार वस्तीवरच्या पोरांकडं.

विहीरवाला_परभणी

दादा, बाटली काठोकाठ भरा, आत हवा राहू देऊ नका अन् सावलीत, बर्फात न्या, नाहीतर बेंझिन उडून जातं. सुनावणीची तारीख लागली की कळवा, माझ्याकडं जुन्या सुनावणीचे सगळे कागद आहेत, घेऊन येतो.