‘अवाँ-गार्द’ आणि ‘फ्यूजन’ : फ्रेड हो यांच्या संगीतासाठी मराठी शब्द हवेत

प्रश्न :
फ्रेड हो (१९५७–२०१४) यांच्यावर लेख लिहितेय. कॅलिफोर्नियात जन्मलेले चिनी-अमेरिकन बॅरिटोन सॅक्सोफोनवादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘ॲफ्रो एशियन म्युझिक एन्सेंबल’ उभं केलं. पुढे वानरराज सुन वुकाँगच्या कथेवर रचना केल्या आणि त्यांत सॅक्सोफोनशेजारी अर्‌हू, पीपा, स्वोना ही चिनी वाद्यं (अनुक्रमे गजाने वाजणारं, तारा छेडून वाजणारं आणि फुंकून वाजणारं) बसवली. दोन शब्दांपाशी अडलेय : ‘अवाँ-गार्द जॅझ’ आणि ‘फ्यूजन’.

प्रतिसाद :
पहिल्यासाठी ‘प्रायोगिक’. प्रायोगिक रंगभूमीमुळे सगळ्यांना लगेच कळतं.

प्रतिसाद :
‘प्रायोगिक’ कळतं, पण करून बघितलं, जमलं तर जमलं, अशी एक छटा त्याला आहे. मूळ फ्रेंच शब्द लष्करी आहे : फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘बिनी’. फारसीत बिनी म्हणजे नाक. सैन्याचं नाक ती बिनी. बिनीवाले हे आडनाव त्यातलंच, आणि ‘बिनीचा शिलेदार’ आपण आजही म्हणतो. हो यांचं संगीत उघडपणे राजकीय आणि लढाऊ होतं. त्यांना ‘बिनीचे संगीतकार’ म्हणणं मला मनापासून पटतं.

‘फ्यूजन’ मात्र टाळाच, आणि ‘संगम’ही. संगम म्हटलं की दोन निर्मळ नद्या आधी वेगळ्या वाहत होत्या असं गृहीत धरावं लागतं. वाद्यांची नावं बघा. ‘अर्’ म्हणजे दोन (तारा), आणि ‘हू’ हा उत्तर-पश्चिमेकडच्या परक्या लोकांसाठीचा जुना चिनी शब्द. पीपा मध्य आशियातून आली. स्वोना हे फारसी ‘सुरना’चं चिनी रूप, आपली सनई त्याच कुळातली. चिनी वारसाच इतका प्रवास करून आलेला!

प्रश्नकर्ती :
सनईचं आधी लक्षात यायला हवं होतं. स्वोनाही लग्नात वाजते, अंत्ययात्रेतही. मग ‘कलम’ कसा वाटतो? खोड एक, फांदी दुसरी, दोन्ही जिवंत.

प्रतिसाद :
कलमात खोड कुणाचं हा वाद उरतो. मी ‘मुरणं’ म्हणेन. अर्‌हूला बोटपट्टी नसते, बोट तारेवर अधांतरी सरकतं, म्हणून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, सहज निघते. सॅक्सोफोनवाला तीच ओढ ओठांनी काढतो. हे एकमेकांत मुरलं की कान वाद्य ओळखत बसत नाही. नुसती पाच स्वरांची चिनी सुरावट जॅझच्या ठेक्यावर टाकली तर ते मुरणं नव्हे. आपल्या कानाला त्यात भूप रागाचे पाच स्वर सापडतील, भूप राग सापडणार नाही.

प्रश्नकर्ती :
‘दोन परंपरा एकमेकींत मुरलेलं, बिनीचं जॅझ’ असं लिहू?

प्रतिसाद :
‘जॅझ’ काढा. काळ्या कलावंतांच्या संगीताला चिकटवलेलं हे हिणकस नाव आहे, असं हो यांचं मत होतं आणि ते स्वतः तो शब्द टाळत. ‘संगीत’च ठेवा. चिनी भाषेत जॅझला ‘ज्युएशी’ म्हणतात. चिन्हं केवळ उच्चारासाठी घेतलेली आहेत, पण तीच चिन्हं इंग्रजांच्या ‘सर’ या किताबासाठीही लिहितात. लेखात एक ओळ याला जरूर द्या.