फ्रान्स : पक्ष बुडाले की व्यवस्था?

मृण्मयी :
डिसेंबर २०२४ मध्ये मिशेल बार्निए, सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्स्वा बायरू. नऊ महिन्यांत फ्रान्सच्या संसदेने दोन पंतप्रधान घरी पाठवले. बार्निएंच्या आधी अविश्वास ठरावाने सरकार पडलं होतं ते थेट १९६२ मध्ये!

सगळे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँना दोष देतात, जून २०२४ मध्ये त्यांनी संसद विसर्जित केली म्हणून. मला दुखणं जुनं वाटतं. २००५ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी युरोपीय राज्यघटना नाकारली. तीनच वर्षांत तिचा बराचसा भाग लिस्बन कराराच्या रूपाने संसदेतून मंजूर झाला आणि समाजवाद्यांनीही तो अडवला नाही. विचारायचं आणि उत्तर आवडलं नाही की बाजूला ठेवायचं, यावर लोक चिडणार नाहीत तर काय? २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षपद जिंकलेल्या याच समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला २०२२ मध्ये पावणेदोन टक्के मतं पडली.

शेखर_ठाणे :
अजिबात पटलं नाही. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सार्कोझींनी २००७ च्या प्रचारातच उघड सांगितलं होतं की छोटा करार करू आणि तो संसदेतून मंजूर करून घेऊ. तरी लोकांनी त्यांना निवडून दिलं. मग फसवणूक कुठे झाली?
आणि नाकारलेला पक्ष संपणं म्हणजे व्यवस्था कोसळणं नव्हे. चौथ्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९५८ च्या आधीच्या व्यवस्थेत, बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारं आली-गेली, म्हणून तर १९५८ ची घटना झाली. आजची अडचण साधी आहे : संसदेत डावे, मध्यममार्गी आणि कडवे उजवे असे तीन गट, बहुमताला २८९ लागतात, तेवढे कुणाकडेच नाहीत आणि जमवून घ्यायची सवय नाही.

रानवारा :
४९.३ कसं विसरलात? मतदान न घेता विधेयक मंजूर करून घ्यायची मुभा सरकारला देणारं घटनेतलं कलम! मार्च २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ केलं ते याच कलमाखाली, कनिष्ठ सभागृहात अंतिम मतदान न घेता. त्यानंतरचा अविश्वास ठराव फक्त नऊ मतांनी हुकला. लाखो लोक रस्त्यावर होते.

शेखर_ठाणे :
रानवारा, पुढचंही सांगा ना. ऑक्टोबर २०२५ मध्ये बायरूंनंतरचे पंतप्रधान लेकोर्नूंना तीच सुधारणा २०२७ च्या निवडणुकीपर्यंत स्थगित करायची तयारी दाखवावी लागली, कारण समाजवाद्यांच्या मतांशिवाय सरकार टिकत नव्हतं. रस्त्यावर जे झालं नाही ते त्रिशंकू संसदेने करून दाखवलं. मला तर यात संसद पुन्हा जिवंत झालेली दिसते.

मृण्मयी :
शेखर, सार्कोझींचा मुद्दा मान्य, पण २०२४ च्या संसद निवडणुकीचं काय? कडव्या उजव्यांना रोखायला दोनशेहून अधिक उमेदवारांनी मतदानाच्या दुसऱ्या फेरीतून माघार घेतली, लोकांनी न आवडणाऱ्यांनाही मतं दिली. डाव्यांची आघाडी पहिली आली. आणि पंतप्रधान कोण झाले? पन्नासही जागा नसलेल्या पक्षाचे बार्निए. घटनेने अध्यक्षांना तो अधिकार आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण पुढच्या वेळी त्याच मतदाराला ‘यांना रोखा’ म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?