मदत हवी आहे : २४ फुटी शिडाच्या बोटीसाठी चार्टप्लॉटर कोणता घ्यावा? (हर्णै-अंजर्ले भाग)

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. शिडाची होडी पहिल्यांदा हातात आली ती अंबाझरीवर, नेव्हल एनसीसीत असताना. तलावात चहूकडे काठ दिसतो, नकाशाची गरज कधी पडलीच नाही. आता पडली आहे, म्हणून चार्टप्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर आपली बोट कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, घ्यायचंय.

गेल्या वर्षी मावसभावाने आणि मी मिळून एक जुनी २४ फुटी फायबरची बोट घेतली. बोट हर्णैला, तो दापोलीत आणि मी इथे नऊशे किलोमीटरवर. वर्षातून तीनचारदा माझं जाणं होतं. एरवी तो एकटाच निघतो, नाहीतर बारा वर्षांच्या लेकीला सोबत घेतो. म्हणजे यंत्र निवडणार मी आणि त्याच्या भरवशावर समुद्रात जाणार ती दोघं. म्हणून जरा खोदूनच विचारतोय, राग मानू नका.

डिसेंबरात काय झालं ते आधी सांगतो. सुवर्णदुर्गाला वळसा घालून आम्ही अंजर्ल्याच्या खाडीत शिरत होतो. संध्याकाळचे सहा, उजेड उतरलेला, ओहोटी लागलेली. फोनवर नकाशाचं ॲप चालू होतं. मुखाशी लाटा उठत होत्या, शिंतोड्यांनी फोनची स्क्रीन ओली झाली आणि बोट टेकवलं की नकाशा भलतीकडेच पळायचा. पुसायला अंगावर कोरडं काही नव्हतं. तेवढ्यात तळाशी वाळू खरखरली. सुकाणूचा दांडा हातात थरथरला आणि भावाची लेक एकदम गप्प झाली. मागून एक मच्छीमार होडी येत होती. तिच्यावरच्या तांडेलकाकांनी (होडीच्या प्रमुखांनी) बांबू पाण्यात रोवला, वर काढून ओल कुठवर आली ते पाहिलं आणि ओरडले, "इकडं कमरेएवढंच पाणी हाय, माझ्या मागनं या." त्यांच्या मागोमाग गेलो म्हणून सुटलो. आमच्या बोटीचा तळ पाण्याखाली १.१ मीटर असतो.

घरी आल्यावर तोच भाग ॲपवर मोठा करून पाहिला. खाडीच्या तोंडापर्यंत खोलीचे आकडे आहेत, आत नुसता कोरा रंग. वाळूचा दांडा तर दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, तो नकाशात कुठून असणार? तेव्हापासून माझं मत असं झालंय की यंत्रापेक्षा नकाशा आणि खोली मोजणारा सेन्सर महत्त्वाचा. चुकत असेन तर सांगा.

फोन नाही तर टॅब चालेल का, हेही करून पाहिलं. मे महिन्यात दुपारी दीड वाजता फुटाळा तलावाच्या काठावर टॅब घेऊन बसलो. पूर्ण ब्राइटनेसवरही त्यात माझाच चेहरा दिसत होता, आणि थोड्याच वेळात तो तापून बंद पडला. कोकणात नागपूरएवढं ऊन नसेल, पण पाण्यावरून येणारी तिरीप असतेच. त्यामुळे टॅबचा विचार सोडला. हजार निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) खालची स्क्रीन घ्यायची नाही, असं ठरवलंय.

आता अडचण अशी की नागपुरात ही यंत्रं हातात घेऊन बघायला मिळत नाहीत. सीताबर्डीत चार ठिकाणी विचारलं, सगळीकडे गाडीचा जीपीएस पुढे केला. सगळी निवड माहितीपत्रकं वाचून चालली आहे. सात इंच नक्की, नऊ इंच आमच्या कॉकपिटात मावणार नाही. बी अँड जीचं व्हल्कन शिडाच्या बोटींसाठीच बनवलेलं, वाऱ्याचं गणित छान दाखवतं, पण सगळा कारभार टचवर. रेमरीनच्या ॲक्सिऑमचंही तेच. बटणंही असलेलं ॲक्सिऑम प्रो नऊ इंचापासून सुरू होतं. रेमरीनचंच एलिमेंट पूर्ण बटणांचं आहे, ओल्या हातांचा विचार केला तर मन तिकडे ओढतं. गार्मिनच्या इकोमॅपमध्ये टचबरोबर थोडी बटणं आहेत, पण त्यात नकाशे गार्मिनचेच चालतात. समुद्राचे डिजिटल नकाशे बनवणारी नॅव्हिऑनिक्स २०१७ पासून गार्मिनकडेच असल्यामुळे ते फार नडू नये.

ज्यांनी बाणकोट ते दाभोळ या पट्ट्यात नॅव्हिऑनिक्स आणि सी-मॅप हे दोन्ही कंपन्यांचे नकाशे वापरलेत, त्यांना माझा मुख्य प्रश्न. सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्यामधला भाग, हर्णै बंदराजवळचे खडक, खाड्यांची मुखं, यात खरोखर जास्त तपशील कुणाचा? दोघांचाही पाया एकाच सरकारी मोजणीचा असेल तर मी उगाच डोकं लावतोय. देहरादूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा कागदी नकाशा बोटीवर ठेवणार आहेच, तो वगळायचा नाही.

दुसरं सेन्सरबद्दल. बुडाला भोक पाडायला भाऊ तयार नाही. आतून चिकटवायचा प्रकार भरीव फायबरमधून चालतो, मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नाही, इतकं वाचलंय. जुन्या बोटीचं बूड भरीव आहे की नाही, हे भोक न पाडता कसं ओळखायचं?

बॅटरी १२ व्होल्ट, ६० अँपिअर-अवर, साधी लेड-ॲसिड. प्लॉटर ताशी दीड अँपिअर-अवर धरला तरी आठ तासांत बारा जातात. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही म्हटलं तरी भागतं.

बोट सध्या पावसाळ्यामुळे वर ओढून ठेवली आहे. दसऱ्यानंतर पाण्यात उतरवू, त्याआधी बसवून घ्यायचं आहे.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी एआयएस (जहाजं रेडिओवरून आपलं नाव-ठिकाण कळवतात ती यंत्रणा) घ्या म्हणून सुचवलंय. जयगड-दाभोळकडे जाणारी मोठी जहाजं दिसावीत म्हणून नुसता रिसीव्हर घेईन, पण छोट्या मच्छीमार होड्या आणि जाळ्यांचे बोये त्यात दिसणार नाहीत, हे भावाला बजावून ठेवलंय. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र नको, आपल्याकडे ते परवानगीशिवाय बाळगणं अंगाशी येतं.

एकांनी विचारलं की भावाला नकाशावरची खोली वाचता येते का. प्रश्न अगदी योग्य. नकाशावर ०.५ लिहिलं असेल तर ती जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीची खोली, त्यात त्या वेळची भरती मिळवायची, हे आम्ही दोघांनी फोनवर बसून चारपाच वेळा सोडवून पाहिलं. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीतला फरक तर तोच मला शिकवतो. सेन्सर मात्र स्वतःच्या खालचं पाणी मोजतो, पृष्ठभागापासूनचं नाही. तो फरक एलिमेंटमध्ये बसवतानाच भरून ठेवता येतो का, आणि त्यावर कमी पाण्याचा गजर लावला तर इंजिनच्या आवाजात तो ऐकू येतो का? ज्यांच्याकडे हे यंत्र आहे त्यांनी एवढं नक्की सांगा.