प्रतिसाद: टाचेतून रक्त घेताना

नवजात बाळाच्या टाचेतून तपासणीसाठी रक्त घेतात, त्यावरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, "एवढ्याशा जिवाला कुठलं आलंय दुखणं, रडून विसरतं". हे म्हणणं मुळीच पटलं नाही. डॉक्टरलोकही एके काळी असंच मानायचे. १९८७ मध्ये आनंद आणि हिकी या संशोधकांचा नवजात बाळांच्या वेदनेवरचा लेख आला, तेव्हा कुठे मत पालटायला लागलं. उलट, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्तच दुखतं, कारण वेदना आवरणारी मज्जासंस्थेची यंत्रणा अजून कच्ची असते.

टोचताना दुखणं कमी व्हावं म्हणून साखरपाणी द्यायचं, हे चर्चेत आलंय, पण आईच्या दुधाचं कुणी लिहिलं नाही. भाचीचं बाळ आठव्या महिन्यातलं, बेळगावात दवाखान्यात काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) होतं. टाचेतून रक्त घ्यायच्या जरा आधी सिस्टर भाचीचंच काढलेलं दूध थेंब थेंब जिभेवर सोडायच्या. मग भाचीनं पेटीच्या झरोक्यातून हात घालायचे. एक तळवा डोक्यावर, दुसऱ्यानं पाय पोटाशी दुमडून धरायचे. सिस्टर कानडी, आमची पोरगी खानापूरकडची, मराठी बोलणारी, म्हणून "हिंग हिडीरी" (असं धरा) म्हणत त्यांनी हातानंच दाखवलं. सुई टोचली की बाळ भुवया आवळायचं, हुंकारायचं, पण ती कळवळून फोडलेली किंकाळी नाही. अर्थात हे सुई टोचण्यापुरतं, ऑपरेशनला औषधच लागतं. आणि हो, घरी आल्यावर आजीनं मधाचं बोट पुढं केलं तर अडवा; वर्षाच्या आत मध नकोच.